गावचा नाताळ आणि गायकवृंदाचा वारसा

लूकच्या शुभवर्तमानातील ख्रिस्तजन्माची कथा एका प्रवासाने सुरू होते. कैसराची आज्ञा झाली आणि नावनिशी लिहून देण्यासाठी जो तो आपापल्या गावी निघाला. योसेफही गर्भवती मरियेला घेऊन आपल्या पूर्वजांच्या बेथलेहेम नगरात आला. प्रभूचा जन्म झाला त्या रात्री रानातील मेंढपाळांना देवदूतांचा समुदाय देवाचे स्तवन करताना दिसला. नाताळला गावी परतावे आणि तेथे सर्वांनी मिळून गावे, या आपल्या रीतीचे मूळ असे थेट शुभवर्तमानात आहे.

मराठवाड्यातील कॅथलिक कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस गेलेली मुले नाताळच्या आदल्या दिवशी छत्रपती संभाजीनगरची किंवा वैजापूर-गंगापूरकडील आपल्या गावाची वाट धरतात. परंतु मध्यरात्रीच्या मिस्सेत जे मराठी गीत आपण इतक्या सहजतेने गातो, ते आपल्या ओठांवर येण्यास किती काळ लागला, ही स्मृती मात्र पुसट होत चालली आहे.

फादर पिएर मेर्मिए यांनी १८३८ साली आन्सी येथे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने एक मिशनरी संघ स्थापन केला. पुढील दशकात हा संघ विशाखापट्टणमला पोहोचला. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत निर्माण झाला, तेव्हा त्याचे पहिले बिशप अलेक्सी रिकाझ हे याच संघाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या संघाचे धर्मगुरू निजामाच्या राज्यातील औरंगाबादच्या ग्रामीण भागात आले. घोगरगाव हे त्यांच्या कार्याचे आद्य केंद्र ठरले. तेथील फादर गुरियन जाकिए यांचे नाव आजही या भागात आदराने घेतले जाते.

त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होई. नाताळच्या मिस्सेतील ‘ग्लोरिया’, म्हणजे देवदूतांचे तेच स्तवन, लॅटिनमध्येच गायिले जाई. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आज्ञापत्र काढले. ग्रेगोरियन गायन हा उपासनेचा आदर्श ठरला. चर्चमधील गायन ही उपासनेतील अधिकृत सेवा मानली गेली आणि म्हणून गायकवृंदात स्त्रियांना स्थान नव्हते.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या भूमीत हे धर्मगुरू आले, ती गाण्याचीच भूमी होती. एकनाथांचे पैठण याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी. अभंग, भारूड, भजन येथल्या शेतकऱ्याच्या श्वासात होते, आणि पहाटे जात्यावर ओवी रचणारी गायिका तर घरोघरी होती. गाता गळा होता. उपासनेत मात्र त्याला वाव नव्हता. मराठी गीतांना खरी मोकळीक होती ती मिस्सेबाहेर, भक्तिमेळ्यात आणि घरच्या प्रार्थनेत.

ख्रिस्ती धर्म आणि मराठी पद्य यांची भेट त्यापूर्वीच झाली होती. एकनाथांचे समकालीन असलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. म्हणजे पैठणच्या संताचा छंद आणि बेथलेहेमचे बालक ही जोडी चार शतके जुनी आहे. पुढे गोदावरीपलीकडच्या नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचे आणि कीर्तनाचे रूप दिले. टिळक प्रॉटेस्टंट होते. तरी ख्रिस्ताची भक्ती अस्सल मराठीत गाता येते, हे त्यांनी सर्वच पंथांच्या मराठी ख्रिस्ती जनांना दाखवून दिले. त्याच जिल्ह्यात येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू केला आणि कॅथलिक घरांत मराठी वाचन रुजविले.

रोमची दारे हळूहळू उघडली. २५ डिसेंबर १९५५ रोजी, म्हणजे नेमक्या नाताळच्या दिवशी, पोप बारावे पायस यांचे पवित्र संगीतावरील परिपत्रक प्रसिद्ध झाले. त्याने वेदीच्या परिसराबाहेर बसणाऱ्या गायकवृंदात स्त्रियांना गाण्याची मोकळीक दिली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज स्वीकारला. लोकभाषेला उपासनेत प्रवेश मिळाला आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असेही त्यात सांगितले गेले. जात्यावरच्या ओवीला चर्चमध्ये पाऊल ठेवण्याची वाट अशी मोकळी झाली.

पेटीची कथाही अशीच बोधप्रद आहे. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ यांनी घेतले. भारतात ती हाताने भाता हलवून, जमिनीवर बसून वाजविण्याजोगी झाली. पुढे परकीय म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले. भजनी मंडळांनी मात्र तिला सोडले नाही. परदेशातून आलेली वस्तू लोकांनी आपली मानली, की ती आपलीच होते. आपल्या श्रद्धेबाबतही हेच घडले आहे.

१७ डिसेंबर १९७७ रोजी, नाताळच्या अवघ्या आठ दिवस आधी, औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे चर्च त्याचे कॅथेड्रल झाले. याच सुमारास शहर बदलत होते. चिकलठाणा आणि नंतर वाळूज येथे कारखाने उभे राहिले. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा प्रकल्प सुरू झाला. त्यांच्यामागोमाग केरळ, गोवा, मंगळूर, तमिळनाडू येथील कॅथलिक कुटुंबे शहरात आली. घोगरगावच्या पणतवंडाशेजारी मंगळूरची मुलगी बाकावर बसू लागली. इंग्रजी नाताळगीते आली, कीबोर्ड आला, गिटार आली.

यात खेद मानण्यासारखे काही नाही. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी ‘स्टिले नाख्त’ प्रथम गायिले गेले तेही गिटारच्याच साथीने. पण एक धोका आहे. गायकवृंदातील तरुणांना इंटरनेटवरून कोणतेही गीत क्षणात मिळते. आजीला पाठ असलेले गीत तेथे मिळत नाही. ते तिच्याबरोबर जाते. ज्या गीताला उपासनेत येण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी लागली, ते आपल्याच हयातीत, कोणाच्याही मनाईवाचून, नुसत्या विसराळूपणाने हरवावे, याहून मोठी खंत कोणती?

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाच्या गायकवृंदाने येत्या आगमनकाळात एक संकल्प करावा. आपल्या गावातील ज्येष्ठ स्त्री-पुरुषांकडून जुनी नाताळगीते उतरवून घ्यावीत. चाल ध्वनिमुद्रित करावी, शब्द स्वच्छ अक्षरात वहीत लिहावेत, गीत कोणाकडून आले ते नाव त्याखाली नोंदवावे. आणि त्यांतील निदान एक गीत मध्यरात्रीच्या मिस्सेत गावे. मंगळूर-केरळच्या बंधुभगिनींनाही ते शिकवावे. त्यांचे एक आपण शिकावे. आगमनकाळात मूक राहिलेला ‘ग्लोरिया’ त्या रात्री पुन्हा निनादतो, तसेच हे मौनही सुटेल. आणि दूरवरून गावी परतलेल्या लेकरांना आपण घरी आलो, याची खूण पटेल.