तासगावचा बेदाणा, पलूसची वाइन

महाराष्ट्र शासनाने 2001 साली द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केल्यावर नाशिक जिल्ह्यातील विंचूरप्रमाणे सांगली जिल्ह्यातील पलूस येथेही वाइन पार्क, म्हणजे वाइननिर्मितीसाठी राखलेले औद्योगिक क्षेत्र, उभारण्यात आले. तरी शनिवार-रविवारी वाइन चाखण्याच्या सहली रुजल्या त्या नाशकात, पलूसच्या कृष्णाकाठी नव्हे. सांगलीत मुळात थॉमसन सीडलेस या द्राक्षजातीतून जिल्ह्यातील तासगाव परिसरात निवडलेले तास-ए-गणेश हे बिनबियांचे वाण खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर सावलीत सुकवलेल्या मण्यांसाठी, जोपासले गेले, तर वाइनसाठी शिराझसारख्या बिया असलेल्या जाती वेगळ्या लावाव्या लागतात. बेदाण्याचे सौदे हाताशी असताना केवळ वायनरीच्या खरेदीवर विसंबणारी बाग शेतकऱ्याने टाळावी, यात नवल नाही. शेजारच्या साताऱ्यातील पर्यटक तर महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीकडेच वळतो.