साचा एक, नग वेगळे : तेरच्या मातीपासून मोबाईलच्या स्क्रीनपर्यंत

एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकाच किमतीचे दोन मोबाईल फोन शेजारी ठेवले असता एकाची पांढरी स्क्रीन किंचित पिवळसर आणि दुसऱ्याची निळसर दिसावी, किंवा एकाच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्राचा डावा कोपरा दुसऱ्यापेक्षा पुसट यावा, ही तक्रार आजच्या ग्राहकाला नव्या काळाची वाटते. कारण यंत्रातून निघालेला माल एकसारखाच असणार, हे त्याने मनाशी धरलेले असते. वस्तुतः साच्यातून माल काढण्याचा धंदा जितका जुना, तितकाच त्या मालातला फरकही जुना आहे, आणि त्याचा पुरावा शोधायला धाराशिव जिल्ह्याची वेस ओलांडावी लागत नाही. तेरणा नदीच्या काठचे तेर हे गाव त्यासाठी पुरेसे आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इ. स. च्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषी लेखकाने समुद्रव्यापाराची जी वाटाडी लिहिली आणि जी ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते, तिच्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याची नोंद आहे. तिथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही तगराचे नाव येते. हे तगर नेमके कोणते, याविषयी देवगिरीपासून जुन्नरपर्यंत अनेक अंदाज बांधले गेले होते; जॉन फेथफुल फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तेरच असल्याचे साधार मांडले, त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी तिथल्या त्रिविक्रम मंदिराची, म्हणजे मुळात चैत्य असावा अशा विटांच्या वास्तूची, पाहणी प्रसिद्ध केली आणि १९५८ मध्ये चापेकरांनी केलेल्या उत्खननाने सातवाहनकालीन वस्तीचे थर उघडे केले. पण तेरच्या वैभवाची खरी ओळख ज्या संग्रहातून होते, तो गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने पांढरीच्या टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू जमवून उभा केला. त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरमध्ये आहे. सरकारी खात्याच्या आधी एका दुकानदार माणसाला फुटक्या मातीचे मोल कळले, ही गोष्ट या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी आहे.

या संग्रहातल्या मातीच्या मूर्तींमध्ये दुहेरी साच्यातून काढलेल्या मूर्ती विशेष लक्षणीय आहेत. दुहेरी साचा म्हणजे मूर्तीची पुढची बाजू आणि पाठ यांचे दोन स्वतंत्र साचे. केओलिनसारखी बारीक पांढरी माती दोन्ही साच्यांत पातळ दाबून बसवायची, दोन्ही अर्ध एकमेकांना जोडायचे आणि आतून पोकळ राहिलेली मूर्ती वाळवून भाजायची, अशी ही रीत होती, आणि ती रोमन जगाशी आलेल्या संपर्कातून इकडे रुजली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. हाताने घडवलेल्या मूर्तीपेक्षा ही वजनाला हलकी, भाजताना कमी फुटणारी आणि मुख्य म्हणजे पुन्हा पुन्हा काढता येणारी असल्यामुळे तिला कलाकृतीइतकेच बाजाराच्या मालाचे स्वरूप आले.

तरीही साच्यातून आलेली प्रत्येक मूर्ती तंतोतंत सारखी निघत नसे, आणि त्याची कारणे मातीच्या स्वभावातच आहेत. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते. मातीत पाणी किती राहिले, यावर ते आकसणे कमी-जास्त होते. साचाही मातीचाच असल्याने वापराबरोबर झिजतो, आणि मग सुरुवातीच्या मूर्तीच्या गळ्यातला हार दाणा-दाणा मोजता येतो, तर नंतरच्या मूर्तीत त्याच जागी नुसता फुगीर पट्टा उरतो. तयार मूर्तीवरून नवा साचा घेतला, तर आकसलेल्या मूर्तीचा तो साचा आणखी लहान मूर्ती देतो. याहून बारकाईने पाहण्याची जागा म्हणजे मूर्तीच्या कुशीवरून जाणारी सांध्याची रेघ. दोन अर्ध जुळवताना कारागिराचा अंगठा किंचित सरकला, तर पुढचा खांदा मागच्या खांद्याशी मिळत नाही आणि कानाजवळ बारीक पायरी उठते. ती ओल्या हाताने किंवा काडीने पुसून सारखी करण्याचे काम साच्याचे नव्हते, माणसाचे होते. सारखेपणा साच्यातून येतो खरा, पण शेवटची भर हातालाच घालावी लागते.

याच तेरमध्ये तेराव्या शतकाच्या सुमारास गोरोबा काका होऊन गेले, आणि त्यांच्या नावाशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध कथा ही मालाच्या परीक्षेची कथा असावी, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंनी गोरोबांकडचे थापटणे पाहून ते कशाचे, असे विचारले, मडके कच्चे की पक्के हे त्याने कळते, असे उत्तर आले, आणि मग जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून गोरोबांनी नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा वारकऱ्यांच्या घरोघरी ठाऊक आहे. थापटणे म्हणजे चाकावरून उतरलेल्या मडक्याचा घेर बाहेरून ठोकून वाढवण्याची लाकडी फळी. कथेचा आध्यात्मिक अर्थ सर्वश्रुत आहे. परंतु ती उभी राहते कुंभाराच्या रोजच्या अनुभवावर, आणि तो अनुभव असा, की एकाच मातीची, एकाच चाकावरची, एकाच आव्यात भाजलेली मडकी दिसायला सारखी असली तरी आतून सारखी नसतात.

आवा, म्हणजे मडकी आणि जळण एकावर एक रचून पेटवलेली भट्टी, सर्वत्र सारखा तापत नाही. मधल्या मडक्यांना भरपूर आच मिळते, कडेची कमी भाजतात. जिथे हवा खेळते तिथे मातीतले लोह लाल होते, जिथे धूर कोंडतो तिथे काळा डाग राहतो. म्हणून बाजारात मडके घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहण्याची चाल पडली. खणखणीत आवाज आला तर पक्के, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा किंवा कच्चेपणा. या परीक्षेचे दोन गुण लक्षात घेण्याजोगे आहेत : ती पैसे देण्यापूर्वी होत असे, आणि ती विकणाऱ्याच्या समोर, त्यालाही ऐकू येईल अशी होत असे.

मापांच्या बाबतीतही अशीच दीर्घ कहाणी आहे. निजामाच्या राज्यात असलेल्या या भागात धान्य पायली, शेर आणि चिपट्याने मोजले जाई, आणि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या वजनमाप कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. या बदलातली महत्त्वाची गोष्ट किलोग्रॅम ही नव्हे. दुकानातले किलोचे वजन शंभर टक्के अचूक असूच शकत नाही, हे कायद्याने मान्य केले, किती चूक चालेल याची मर्यादा नियमांत छापली आणि त्या मर्यादेत बसणाऱ्या वजनावरच निरीक्षकाने शिक्का मारावा अशी व्यवस्था केली. चूक लपली नाही, तिला आकडा मिळाला. ग्राहकाच्या हक्काच्या दृष्टीने हा पायलीच्या जगापासूनचा फार मोठा पल्ला होता.

मोबाईल फोन या परंपरेत ठेवून पाहिला, की त्यातले फरक गूढ राहत नाहीत. फोनच्या कॅमेऱ्यात साधारण पाच ते सात प्लास्टिकची भिंगे एकामागे एक बसवलेली असतात, आणि यांतले प्रत्येक भिंग वितळलेले प्लास्टिक धातूच्या दोन अर्ध्या साच्यांमध्ये दाबून तयार होते. तेरच्या मूर्तीची रीत ती हीच. एका साच्यात एकाच वेळी अनेक भिंगांची घरे असतात आणि कोणतीही दोन घरे पूर्णतः सारखी कोरली जात नाहीत. साच्याचे दोन अर्ध मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके, जरी सरकले तरी भिंगाच्या दोन बाजूंचे मध्य जुळत नाहीत. मूर्तीच्या कानाजवळची पायरी इथे छायाचित्राच्या एका कोपऱ्यातला पुसटपणा होऊन प्रकट होते. हा दोष कमी करण्यासाठी चांगल्या कारखान्यांत भिंगांचा संच आणि प्रकाश टिपणारा सेन्सर जोडताना प्रत्यक्ष प्रतिमा पाहत त्यांचा कल दुरुस्त करतात आणि जुळणी साधताच गोंद घट्ट करतात; ओल्या हाताने सांधा पुसण्याचेच हे काम आता यंत्र करते.

स्क्रीनची गोष्ट भट्टीच्या अधिक जवळची आहे. आजच्या अनेक फोनमध्ये ओएलईडी स्क्रीन असते, म्हणजे जिचा प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो. त्यासाठी कार्बनी संयुगे निर्वात कक्षात तापवून त्यांची वाफ अतिबारीक छिद्रांच्या धातूच्या जाळीतून काचेवर बसवतात. हे थर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या मापात मोजावे लागतात. काचेच्या मध्यावर आणि कडेला ते अगदी एकजाडीचे बसत नाहीत, आणि जाडी बदलली की रंगाची छटा बदलते. प्रत्येक बिंदूमागचा ट्रान्झिस्टरही तंतोतंत सारखा नसल्यामुळे अंधाऱ्या खोलीत गडद करडी पार्श्वभूमी लावली की काही स्क्रीनवर ढगाळ डाग दिसतात. उद्योगात या विषमतेला ‘मुरा’ हा जपानी शब्द रूढ आहे. कारखान्यात प्रत्येक स्क्रीनचे छायाचित्र घेऊन तिचे डाग मोजतात आणि त्यांची भरपाई करणारे आकडे तिच्याच स्मृतीत लिहून ठेवतात. मात्र ही दुरुस्ती एका सहनमर्यादेपर्यंतच केली जाते. सहनमर्यादा म्हणजे ठरवलेल्या मापापासून जेवढे विचलन चालवून घेतले जाते तेवढे अंतर. त्याच्या अलीकडे असलेल्या दोन स्क्रीन वेगळ्या दिसल्या तरी कारखान्याच्या लेखी दोन्ही पक्क्याच असतात.

याशिवाय एकाच नावाच्या फोनमध्ये दोन घरांचा माल असू शकतो. २०१५ च्या आयफोन ६एस मधली ए९ ही चिप सॅमसंग आणि टीएसएमसी अशा दोन कंपन्यांनी निरनिराळ्या पद्धतीने बनवली होती, आणि बॅटरीच्या टिकाऊपणात फरक पडत असल्याची चर्चा झाल्यावर प्रत्यक्ष वापरात तो दोन ते तीन टक्केच असल्याचे ॲपलने सांगितले. २०१६ च्या गॅलेक्सी एस७ च्या काही नगांत सोनीचा, तर काहींत सॅमसंगचा स्वतःचा कॅमेरा सेन्सर होता. लाखोंच्या संख्येने माल काढायचा तर एका पुरवठादारावर भिस्त ठेवणे धोक्याचे असते, हे व्यापाराचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु आपल्या हातातला नग कोणत्या घरचा, हे खोक्यावर लिहिलेले नसते.

खरा प्रश्न फरक असण्याचा नाही. तो तेरच्या मूर्तीत होता, आव्यातल्या मडक्यात होता, किलोच्या वजनात आहे आणि फोनमध्येही राहणार. प्रश्न थापटणे कोणाच्या हातात आहे, हा आहे. मडके गिऱ्हाईक वाजवून घेत असे. वजनाची मर्यादा कायद्याच्या नियमांत कोणालाही वाचता येते. फोनच्या स्क्रीनची आणि भिंगाची सहनमर्यादा मात्र कारखान्याच्या कपाटात राहते आणि सीलबंद खोके पैसे चुकते केल्यावर उघडले जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाची व्याख्या दिलेली आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोगही आहे. पण कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने जो दर्जा राखायचा, त्यातली उणीव म्हणजे दोष, असे ही व्याख्या सांगते. दर्जाची रेषाच जाहीर नसेल, तर ती ओलांडली गेली हे ग्राहकाने सिद्ध कसे करावे? वजनाच्या बाबतीत जे १९५६ नंतर साधले, ते फोनच्या बाबतीत अजून साधायचे आहे : स्क्रीनच्या शुभ्रतेत आणि कॅमेऱ्याच्या स्पष्टतेत नगागणिक किती फरक कंपनी चालवून घेते, तो आकडा खोक्यावर छापला गेला पाहिजे.

तोपर्यंत फोन घेणाऱ्याने दुकानातच खोके उघडायला लावावे, स्क्रीनवर एकदा कोरा पांढरा आणि एकदा गडद करडा रंग लावून ती कडेपर्यंत पाहावी, छापील मजकुराचा कागद सरळ समोर धरून त्याचे छायाचित्र घ्यावे, त्याचे चारही कोपरे मोठे करून एकमेकांशी ताडावेत, आणि मगच पैसे द्यावेत.