खोराना यांचे जनुकलेखन

पश्चिम पंजाबातील मुलतान जिल्ह्यात रायपूर नावाचे शंभरेक वस्तीचे एक खेडे होते. तेथील पटवाऱ्याच्या, म्हणजे आपल्याकडील तलाठ्याच्या, घरी हरगोविंद खोराना यांचा जन्म झाला. कागदोपत्री जन्मतारीख ९ जानेवारी १९२२ अशी आहे. पण ती खात्रीची नव्हे. गावभरच्या जमिनीची नोंद ठेवणाऱ्या घरात मुलाच्या जन्माची नोंद राहून जावी, हा योग मौजेचाच! लाहोर, लिव्हरपूल, झुरिक, केंब्रिज, व्हँकुव्हर अशी मजल दरमजल करीत हे रसायनशास्त्रज्ञ १९६० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात पोचले. १९६८ साली निरेनबर्ग व हॉली यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते आनुवंशिक लिपीच्या उलगड्याबद्दल. ती हकीकत सर्वश्रुत आहे. पुढील आठ वर्षांची मात्र तितकीशी नाही.

लिपी वाचता येऊ लागली की लिहून पाहावेसे वाटणारच. डी. एन. ए. हा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला पेशीचा लेख. त्यातील एकेक अर्थपूर्ण उतारा म्हणजे जनुक. असा उतारा सजीवाकडून न घेता निव्वळ रसायनांतून घडवावा, असे खोराना यांनी योजिले. अडचण अशी की, अक्षरामागून अक्षर जोडीत गेल्यास प्रत्येक पायरीला माल घटतो आणि लांब साखळी हाती लागेनाशी होते. म्हणून त्यांनी लहान लहान तुकडे तयार केले. तुकड्यांची टोके एकमेकांवर चढून आपापली जोडीदार अक्षरे शोधीत, आणि १९६७ मध्ये सापडलेले लायगेज नावाचे विकर त्यांचे सांधे पक्के करी. यीस्टमधील एका रेणूची ७७ अक्षरे हॉली यांनी १९६५ मध्येच वाचली होती. त्यांवरून बेतलेले जनुक १९७० मध्ये पूर्ण झाले.

परंतु ते मुके होते! वाचन कोठून आरंभावे आणि कोठे थांबवावे, याच्या खुणा त्यात नव्हत्या. हुकूम कितीही शुद्ध लिहिला, तरी सहीशिक्क्यावाचून कचेरीत त्याला कोण विचारतो? त्याच वर्षी खोराना मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत गेले. तेथे त्यांनी ई. कोलाय या जीवाणूचे दुसरे जनुक मुख्यत्वे हाती घेतले. मूळ उतारा १२६ अक्षरांचा, आरंभखूण ५१ अक्षरांची. शेवटाकडील भाग धरून एकूण अक्षरे २०७.

कसोटीही नामी होती. जीवाणूवर वाढणाऱ्या एका विषाणूच्या लेखात, नको त्या जागी ‘थांबा’ अशी खूण पडलेली होती. त्यामुळे आवश्यक प्रथिन अर्ध्यावरच तुटे आणि विषाणूची वाढ होत नसे. निवडलेले जनुक असे होते की, त्यापासून बनणारा रेणू त्या खुणेपाशी न थांबता टायरोसिन हे अमिनो आम्ल जोडून पुढे जाई. घडविलेले जनुक विषाणूत बसवून तो जीवाणूंत सोडण्यात आला, आणि तो वाढू लागला. ऑगस्ट १९७६ मध्ये ही वार्ता जाहीर झाली. हाताने लिहिलेला लेख जिवंत पेशीने आपलाच समजून वाचला होता.

२०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने दहा लाखांहून अधिक अक्षरांचा अखंड जनुकसंच घडवून जीवाणूच्या पेशीत बसविला, तेव्हा खोराना हयात होते. ९ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतः जनुकलेखन केव्हाच मागे टाकले होते. डोळ्याला प्रकाश कळतो कसा, या प्रश्नाच्या रसायनात ते पुढे कित्येक वर्षे गढलेले होते.