आगोटीपूर्वीचे घर

आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ‘इतिहासाची साधने’ हा भाग शिकवतो. ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी, पेशवे दप्तर अशी ठरलेली यादी फळ्यावर लिहून होते न होते तोच एखादा धीट विद्यार्थी विचारतो, “सर, घरातल्या बायामाणसांचा इतिहास कुठं सापडतो?” प्रश्न बिनतोड असतो. अमुक सरदार कोणत्या तिथीस कोठे मुक्कामाला होता हे आपण छातीठोकपणे सांगू; पण त्याच दिवशी त्याच्या मुलखातल्या एखाद्या घरात चुलीवर काय शिजत होते, गळक्या छपराखाली कोणते भांडे ठेवले होते, हे कोणी विचारले तर आपली बोबडी वळते. या प्रश्नाला मला अलीकडे एक उत्तर सापडले. ते पुरते हाती आले नाही, आणि त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी थोडे घराविषयी बोलू.

आमचे मूळ घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. या खोऱ्याच्या वरच्या अंगाला वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या कऱ्हाडला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पडत नाही. अशा मुलखात घराचे वर्ष चैत्रात सुरू होते ते पंचांगात. प्रत्यक्षात ते आगोटीला सुरू होते. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. तिच्या आधीचे दोन महिने घराला उसंत नसे. जळाऊ लाकडे फोडून पडवीत रचायची, गोवऱ्या आडोशाला लावायच्या, मीठ, मिरची, चिंच भरून ठेवायची. पापड, कुरडया, सांडगे वाळत घालायचे. आणि नेमका त्याच वेळी वळीव यायचा! सकाळी आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ, दुपारी उकाडा, चारच्या सुमारास ईशान्येकडून धुळीचा लोट आणि पाठोपाठ टपोरे थेंब. घरातली यच्चयावत माणसे वाळवण उचलायला धावत. भिजलेल्या कुरडईला बुरशी आली की वर्षाचा ऐवज गेला, आणि बोल लागायचा तो सुनेला. वळिवाला कोण काय बोलणार?

पावसाशी मात्र या लोकांनी नाते जोडून ठेवले होते. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा, हस्ताचा हत्तीचा. आपल्याला ही नावे गमतीची वाटतात, पण प्रत्येक नावामागे अनुभव आहे. तरणा पाऊस जोरात येतो, म्हातारा रेंगाळतो. हत्तीचा पाऊस भिंती पाडतो, आणि मातीच्या भिंतींच्या घरात राहणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

येथे इतिहासाच्या माणसाने एक शंका काढलीच पाहिजे. हल्ली मृग लागतो तो जूनच्या ७ किंवा ८ तारखेला. पण पंचांगातली ही नक्षत्रे निरयन गणिताने चालतात आणि ऋतू सायन सूर्यामागे जातात. दोहोंत सुमारे साठ-सत्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. याचा अर्थ असा, की ज्ञानेश्वरी लिहून झाली त्या १२९० साली मृग आजच्या मानाने दहा-अकरा दिवस आधी, मेच्या अखेरीसच लागत असला पाहिजे. मग मृगाबरोबर पाऊस येतो हा आडाखा किती जुना? सातशे वर्षांपूर्वीचा शेतकरी पहिल्या पावसाची वाट मृगात पाहत होता की त्याच्या पुढच्या आर्द्रात? पूर्वापार चालत आलेली म्हणून जी गोष्ट आपण सांगतो, ती पिढ्यांमागून पिढ्यांनी गुपचूप दुरुस्त करून घेतलेली असते, हे यावरून ध्यानात यावे.

सरकारी हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस असा फसला की १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ पडला. या खात्याचे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. पुणेकर अजून त्या चौकाला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते त्यामुळे. पुढे रेडिओ घरोघर आला. माझे आजोबा रेडिओवरचा अंदाज कान देऊन ऐकत, मग उठून पंचांग पाहत, आणि शेवटी अंगणात जाऊन मुंग्यांनी अंडी हलवली का ते बघत. तिघांचे एकमत झाले तरच ओटीवरची गवताची झडप बांधायला घेत.

आता छपराचे पाहा. गरिबाचे छप्पर गवताचे, दरसाल शाकारायचे. त्याच्यावरची पायरी म्हणजे गावच्या कुंभाराने घडवलेली नळीची कौले. ती माकडांनी, मांजरांनी हलवायची आणि माणसांनी मे महिन्यात वर चढून सारखी करायची. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने यंत्रावर कौले काढण्याचा कारखाना घातला, आणि ती चपटी, एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौले हळूहळू सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर पसरली. लढायांच्या सनावळ्या आपण पाठ करतो. पण या एका कौलाने लाखो घरांचा मे महिना हलका केला, आणि त्याच वेळी गावच्या कुंभाराचे एक काम काढून घेतले, याची नोंद क्रमिक पुस्तकात मला कोठे आढळली नाही.

परसाची नोंद मात्र एका फार मोठ्या ठिकाणी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले ‘आज्ञापत्र’ आपण ऐकून असाल. सुमारे १७१५ च्या वेळचा हा राजनीतीवरचा ग्रंथ. त्यात दुर्गांचे प्रकरण आहे. तट, बुरूज, दारूगोळा, पाण्याची टाकी यांविषयी सांगता सांगता अमात्य एकदम केरावर येतात. गडावर वाटेत, बाजारात, तटाशी केरकचरा पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा, ती राख परसात टाकावी आणि घरोघर भाजीपाला करवावा, अशी त्यांची आज्ञा आहे. स्वराज्याचा अमात्य, ज्याने औरंगजेबाच्या धामधुमीत राज्य सावरून धरले, तो किल्ल्यावरच्या दोडक्या-भोपळ्याची काळजी करतो! मला तरी हा मजकूर पुष्कळ लढायांच्या वर्णनांपेक्षा मोलाचा वाटतो. वेढ्यात सापडलेल्या गडावर मूठभर हिरवी भाजी म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते.

आमच्या परसात ती आज्ञा न वाचताच पाळली जात होती. चुलीतली राख दोडक्याच्या पानांवर भुरभुरायची, म्हणजे कीड बसत नाही. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी. मांडवावर घोसाळी, काकडी, पडवळ. वाढत्या पडवळाच्या टोकाला दोऱ्याने खडा बांधायचा, म्हणजे ते वेटोळे न घेता सरळ लांबते. काकडीचे, भोपळ्याचे बी शेणात कालवून भिंतीवर थापून ठेवायचे आणि आर्द्रा लागली की खरवडून काढायचे. उंदीर लागत नाही, ओल लागत नाही. आणि हे सगळे सनातन, असे मात्र समजू नका हं. याच परसातली मिरची, पेरू, पपई आणि दारातला झेंडूसुद्धा मूळचा अमेरिका खंडातला, पोर्तुगीज या किनाऱ्यावर आल्यानंतरचा. शिवरायांच्या आजोबांच्या काळात मिरची ही नवलाई असली पाहिजे. दसऱ्याच्या तोरणात झेंडू नसेल तर आज आपल्याला चुकल्याचुकल्यासारखे होते. पण तो तोरणात शिरला तेव्हा एखाद्या आजीबाईने नाक मुरडले नसेल कशावरून?

परसातले सगळेच काही सुखाचे नव्हते. हस्त नक्षत्रात हादगा घालतात, पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात. त्यातल्या एका गाण्यात सून माहेरी जायला परवानगी मागते, तर सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. मग वेल वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारले लागू दे, मग भाजी कर. आपण ते हसत हसत म्हणतो. पण एका तरुण मुलीचा काळ वेलाच्या वाढीने मोजायचा, ही त्यातली कल्पना जरा थांबून ऐकली की अंगावर येते. जुन्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी पहाटे चारचे जाते, ओल्या लाकडांचा धूर आणि हा कारल्याचा वेल विसरू नये. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहिला. त्यात शेतकऱ्याच्या मोडकळीस आलेल्या घराचे जे चित्र आहे, ते वाचल्यावर गोडवे गाण्याची हौस पुष्कळशी फिटते.

आता त्या उत्तराकडे येतो. आजी गेल्यानंतर काही वर्षांनी गावचे घर आवरायचे ठरले. माळ्यावर लोखंडी ट्रंकेत एक गोधडी निघाली. भली जाड आणि वजनदार, कडेने उंदराने कुरतडलेली. गोधडी शिवायची म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, वर तुकडे जुळवायचे आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जायचे. उन्हाळ्यातले हे काम. चार बायका चार बाजूंनी बसल्या की पुष्कळ उरकते. कुरतडलेल्या कोपऱ्यात मी मोजले तर सहा थर दिसले. माझ्यातला मास्तर जागा झाला. वरच्या बाजूला निळे इरकली लुगडे, खणाचे त्रिकोणी तुकडे, खाकी चड्डीचा तुकडा, आणि अगदी मधोमध हात-दीड हाताचा जाडाभरडा, विटका लाल चौकोन. मला वाटले, हा आलीच्या मुळांचा रंग. जर्मनीत कृत्रिम लाल रंग तयार होऊ लागल्यावर, १८७० नंतर, आपल्याकडची आलीची लागवड बसत गेली. तेव्हा हा तुकडा शंभर-सव्वाशे वर्षांचा तरी असणार! मी मोठ्या उत्साहाने हा सिद्धान्त आत्यासमोर मांडला. आत्या सत्तरीची. तिने चष्मा लावला, त्या चौकोनावरून हात फिरवला आणि म्हणाली, “आल नव्हे रे बाबा. आलवण आहे ते. पणजीचं तुझ्या.”

आलवण म्हणजे केशवपन केलेल्या विधवेने नेसायचे तांबडे वस्त्र. पणजोबा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले. पणजी तेव्हा एकवीस वर्षांची, पदरात एक मूल. विधवाविवाहाचा कायदा होऊन बासष्ट वर्षे झाली होती, कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढून बावीस. यांतले काहीही आमच्या खोऱ्यापर्यंत पोचले नव्हते. पुढची पन्नास वर्षे परस तिच्याकडे होते. आत्या सांगत होती, “अबोली तिनं लावलेली, जाई तिनं लावलेली. पहाटे उठून फुलं काढायची, वळेसर करायची, आम्हा पोरींच्या डोक्यात माळायची. उरलेली देवाला.” स्वतः तिने कधी फूल माळले नाही, हे आत्या बोलली नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. खोऱ्यात सुमारे १८० माणसे दगावली, हजारो घरे पडली. आमच्या घराची मागची भिंत आणि निम्मी मंगळुरी कौले खाली आली. थंडीचे दिवस, पुढच्या रात्री सगळ्यांनी परसातच, मांडवाखाली काढल्या. बाहेरून मदतीचे कपडे आले, त्यांतला एक चौकडीचा तुकडाही या गोधडीत आहे. आत्याने तो दाखवला. पणजी १९६९ च्या थंडीत गेली. तिची दोन आलवणे होती. ती देऊन टाका, जाळून टाका, असे कोणीतरी सुचवले. आजीने ऐकले नाही. त्या उन्हाळ्यात, १९७० ची आगोट येण्याआधी, तिने ही गोधडी शिवली आणि सासूचे आलवण मधोमध लावले. चारी बाजूंनी आपल्या स्वतःच्या लग्नातल्या खणाचे त्रिकोण. आत्याने दोरा ओवून देण्याचे काम केले होते.

त्रिकोण कशासाठी लावले, असे मी विचारले. “तिला विचारलं होतं मी,” आत्या म्हणाली. “म्हणाली, बरं दिसतं.”

आतले सहा थर उसवून पाहावेत, असे मला अजून वाटते. कोणत्या वर्षीचे कापड, गिरणीचे की हातमागाचे, सगळे कळेल. साधन वाचायचे तर ते उघडावे लागते, असे मीच मुलांना शिकवतो. पण उसवली तर गोधडी उरणार नाही, आणि तसे टाके घालणारे आता घरात कोणी नाही. मी कात्री घेतली आणि ठेवून दिली, असे दोनदा झाले. कुरतडलेला कोपरा तेवढा आत्याने परवा थरथरत्या हाताने शिवून टाकला. आता तेथूनही आतले काही दिसत नाही. मृग लागायला आठ दिवस होते, आभाळ भरून आले होते, आणि गच्चीवर उन्हात घातलेली ती गोधडी उचलायला आम्ही दोघे धावलो.