बैलगाडीची भरणी

बैलगाडीची भरणी : दोनचाकी बैलगाडीत माल, सामान आणि माणसे कोठे, किती उंचीवर व कोणत्या क्रमाने ठेवायची याची रीत. प्रस्तुत नोंद नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गाड्यांपुरती, त्यातही मुख्यतः ऊसतोड कामगारांच्या टायरगाडीपुरती आहे. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, जळकोट या बालाघाटच्या डोंगराळ आणि कोरडवाहू पट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. बैलजोडी असलेल्या कुटुंबाची गाडी हंगामभर फडातून कारखान्यापर्यंत ऊस ओढते. मुक्काम हलवायच्या दिवशी तीच गाडी सगळा संसार वाहते. अशा गाडीची भरणी हे खरे कसबाचे काम आहे. चुकीच्या भरणीची शिक्षा माल भोगत नाही, बैलाची मान भोगते.

या भागात लांब पल्ल्याची मालवाहतूक पूर्वी मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होई. लमाणांचे तांडे धान्य व मीठ बैलांच्या पाठीवर लादून दख्खनभर फिरत. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. पाठीवरच्या गोणीत तोलाचा प्रश्न एकाच दिशेचा असतो : डावी बाजू उजवीइतकी भरली पाहिजे. दोनचाकी गाडीत तो तीन दिशांचा होतो. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली.

गाडीची घडण : जुन्या लाकडी गाडीत तुंबा, आरे, पुठ्ठे आणि त्यांवर लोखंडी धाव असे चाक असते. दोन चाकांना जोडणारा आख, त्यावर साटा, साट्यातून पुढे गेलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला जू. जुवाच्या दोन्ही अंगांना शिवळा असतात व बैलाच्या गळ्याखालून जुपणी बांधतात. कारखान्यावर चालणाऱ्या टायरगाडीत लोखंडी आख, बेअरिंग आणि हवेचे टायर आले, पण दांडी आणि जू तसेच राहिले. टायरमुळे काळ्या मातीत चाक कमी रुतते, रस्त्यावर गाडी हलकी चालते, आणि म्हणूनच तीत माल जास्त भरला जातो. जुन्या गाडीत कधी चढले नसते एवढे ओझे टायरगाडीत दीड-दोन टनांच्या खेपेच्या रूपाने सर्रास चढते. ओढायला हलकी म्हणून मानेलाही हलकी असा समज त्यातून होतो. तो चूक आहे. ओढण्याचा जोर चाकावर अवलंबून असतो; मानेवरचा भार चाकावर नव्हे, भरणीवर अवलंबून असतो.

तोलाचे गणित : दोनचाकी गाडी आखावर तोललेली असते. मालाचा मध्य आखाच्या बरोबर वर आला तर सगळे वजन चाकांवर जाते आणि जुवावर फक्त दांडीचे व जुवाचे ओझे राहते. मध्य पुढे सरकला की मानेवर भार येतो. मागे सरकला की गाडी उलार होते : जू वर उचलले जाते, जुपणी बैलाच्या गळ्याला आवळते आणि पायांची जमिनीवरची पकड सुटते. आखापासून जू अडीच मीटर पुढे आहे आणि माल दीड टन आहे असे धरू. मालाचा मध्य आखाच्या फक्त दहा सेंटिमीटर पुढे असला, तरी जुवावर साठ किलो भार येतो, म्हणजे प्रत्येक बैलाच्या मानेवर तीस किलो. तोच मध्य दहा सेंटिमीटर मागे गेला तर जू साठ किलोच्या जोराने वर उचलले जाते. वितीपेक्षाही कमी अंतराने दोन मानांवरचा भार असा उलटापालटा होतो. म्हणून अनुभवी गाडीवान पहिल्या दोन-चार मोळ्या टाकल्यावर जू हाताने उचलून पाहतो, पुढे थोडा भार ठेवतो आणि मगच वर रचतो.

उंचीचा परिणाम सपाट रस्त्यावर दिसत नाही, चढउतारावर दिसतो. गाडी चढाला लागली की साटा मागे कलतो आणि उंच माल आखाच्या मागे झुकतो. मालाचा मध्य आखापासून एक मीटर वर असेल आणि चढ वीस मीटरला एक मीटर असेल, तर मध्य सुमारे पाच सेंटिमीटर मागे सरकतो. आधीच्या हिशेबाने जुवावरचे तीस किलो कमी होतात. उतारावर तेवढेच तीस किलो वाढतात. सपाटीवर साठ किलो घेणारी जोडी त्याच चढावर तीस आणि त्याच उतारावर नव्वद किलो घेते. हाच दीड टन ज्वारीच्या पोत्यांचा असेल आणि मध्य आखापासून केवळ तीस सेंटिमीटर वर असेल, तर फरक नऊ किलोंचा राहतो. उसाची उंच रचलेली गाडी बालाघाटच्या घाटातच नव्हे, साध्या पुलाच्या चढावरही उलार का होते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. उतारावर आणखी एक भर पडते : अनेक गाड्यांना ब्रेक नसतो आणि गाडी थोपवण्याचे कामही त्याच मानांनी करायचे असते.

जगात इतरत्र मोटारीमागे ओढायच्या दोनचाकी ट्रेलरसाठी ठरलेले नियम आहेत. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर ठेवा असे सांगतात, युरोपात कॅरॅव्हॅनसाठी पाच ते सात टक्के. मागे जड झालेला ट्रेलर वेगात डावीकडे-उजवीकडे झोकांड्या खातो, म्हणून ही खबरदारी. दीड टनाच्या दहा टक्के म्हणजे दीडशे किलो. त्यासाठी बनवलेल्या लोखंडी जोडणीला ते जड नाही. बैलजोडीला ते दिवसभर मानेवर धरायचे ओझे आहे. त्यामुळे हा नियम बैलगाडीला लावता येत नाही. गाडी उलार होणार नाही इतकाच, आणि त्याहून जास्त नाही, असा पुढचा भार हवा. दक्षिण आफ्रिकेत १८३० च्या दशकात डच वंशाचे शेतकरी ज्या गाड्यांतून संसारासह देशाच्या आत सरकले त्या चारचाकी होत्या; पुढचे वजन पुढच्या चाकांवर पडे आणि बैलांना फक्त ओढावे लागे. आपल्याकडे शेताच्या अरुंद वाटा, बांध आणि जागच्या जागी वळण्याची गरज यांमुळे दोनचाकी गाडीच सोयीची ठरली.

संसाराची भरणी : हंगामाला निघालेल्या कुटुंबाजवळ ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, हंडा-घागर, तवा, काठवट, गोधड्या, कोपीसाठी (राहायच्या झोपडीसाठी) बांबू व ताडपत्री, कोयते आणि कानस, बैलांचा कडबा व पेंड, पाण्याचा कॅन असे सामान असते. शिवाय लहान मुले, कधी एखादी शेळी आणि चार कोंबड्या. लांबच्या टप्प्याला आता बहुधा ट्रक येतो. माणसे, बैल, सामान आणि गाड्या एकत्र चढवतात. पण गावातून रस्त्यापर्यंत आणि एका फडावरून दुसऱ्या फडावर हे सगळे गाडीवरच जाते.

पोती आणि पेटी साट्याच्या तळाला, बरोबर आखावर ठेवतात. जड वस्तू तिथे ठेवली की पुढच्या-मागच्या तोलाला धक्का लागत नाही. पोती दोन्ही अंगांना सारखी वाटतात, कारण रस्त्याची कड एका बाजूला उतरती असते आणि एकीकडे जड झालेली गाडी तिकडच्या बैलाला ढकलत राहते. कडबा आकाराने मोठा व वजनाने हलका, म्हणून तो वर जातो. बांबू लांब असल्याने बाजूंना बांधतात. ते मागे लोंबत ठेवले तर थोड्या वजनातही गाडी मागे खेचली जाते, कारण आखापासून अंतर जितके जास्त तितका त्यांचा जोर जास्त. काढायचा क्रमही आधीच ठरवावा लागतो. नव्या जागी पोहोचल्यावर पहिल्यांदा ताडपत्री आणि बांबू लागतात, मग पाणी, चूल, तवा. अंधारात पोहोचलेल्या बाईला तव्यासाठी तीन पोती उपसावी लागू नयेत, हे भरणाऱ्याने पाहायचे असते. बहुतेक घरांत ही आखणी बाईच करते आणि तिचा अंदाज अचूक असतो. या कामाचे श्रेय तिला क्वचितच दिले जाते, म्हणून येथे ते नोंदवणे आवश्यक आहे. कोयते पाचटात किंवा पोत्यात गुंडाळून, मुलांच्या हाताबाहेर ठेवतात.

माणसे हा गाडीतला हवा तसा हलवता येणारा भार. चढ आला की गाडीवान दांडीवर पुढे सरकतो, उतारावर मागे येतो किंवा उतरून चालतो. साठ किलोचा माणूस आखापासून दीड मीटर पुढे बसला की जुवावर छत्तीस किलो भार वाढतो. उलार होऊ पाहणाऱ्या गाडीला तेवढा पुरतो. सपाट रस्त्यावर मात्र तो तिथेच बसून राहिला, तर तो बैलांवर निष्कारण भार असतो.

उसाची भरणी : उसाचे बूड जाड आणि जड, शेंड्याकडचा भाग हलका. मोळ्या गाडीच्या लांबीत रचल्या आणि सगळी बुडे एकाच बाजूला आली, तर तोल त्या बाजूला जातो. म्हणून थरागणिक बुडांची दिशा बदलणे चांगले. दोर आवळून न बांधलेला ऊस खड्ड्याखड्ड्याला मागे सरकतो आणि फडात तोललेली गाडी कारखान्याच्या रांगेत उलार होते. उतरवतानाही धोका आहे. बैल जुंपलेले असताना पुढचा ऊस आधी काढला तर मागचे वजन गाडीला उलथवते. प्रथम बैल सोडावेत, दांडीखाली टेकू द्यावा आणि मग मागून सुरुवात करावी.

पाण्याची गाडी : एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आले. त्या दुष्काळी वर्षी खेड्यापाड्यांत पाणी बैलगाडीवरच्या ड्रममधून फिरत होते. दोनशे लिटरचा भरलेला ड्रम दोनशे किलोंहून जड असतो. पूर्ण भरलेल्या ड्रममधले पाणी हलत नाही. अर्ध्या ड्रममधले पाणी गाडी थांबता-निघताना पुढे-मागे धावते आणि प्रत्येक धावेचा धक्का मानेला बसतो. म्हणून तीन ड्रम अर्धे नेण्यापेक्षा दोन गच्च भरून आखावर ठेवावेत. वाटत जाताना मागचा ड्रम आधी रिकामा करावा.

जोडी आणि मान : या दोन जिल्ह्यांना स्वतःचे गोवंश आहेत. कंधार परिसरातला गडद तांबडा, मध्यम बांध्याचा लाल कंधारी आणि लातूरच्या देवणीचा काळा-पांढरा देवणी. देवणीचे वानेरा, बालंक्या व शेवरा असे तीन प्रकार ओळखले जातात. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत असे पशुधन मोठ्या संख्येने येते. जोडीतले बैल उंचीने सारखे नसतील तर जू कलते आणि भार ठेंगण्याकडे उतरतो. एक बैल अशक्त असेल तर जू त्याच्या बाजूला लांब ठेवता येते. दोन्हीकडे साठ-साठ सेंटिमीटर असलेले जू पाच सेंटिमीटर सरकवले, तर तगड्या बैलाकडे चौपन्न टक्के आणि अशक्ताकडे सेहेचाळीस टक्के ओढ जाते.

सततच्या दाबाने व घासण्याने खांदेसूज येते, पुढे आवाळू वाढते, जखम चिघळते आणि जनावर हंगामाच्या मध्यातच बसते. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने खांदेमळणी करतात. वर्षभर ओझे घेणाऱ्या अवयवाचा असा मान करणे योग्यच आहे, पण ज्या खांद्याला तूप लावले त्याच्यावर दोन महिन्यांनी साठ-सत्तर किलोंचे नाहक ओझे ठेवणे त्या मानाशी जुळत नाही.

कायदा आणि सुधारणा : १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. बैलाचे वजन (दोनशे किलोंखालचा लहान, साडेतीनशेपर्यंतचा मध्यम, त्यावरचा मोठा) आणि चाकाचा प्रकार यांवरून ओझ्याची कमाल मर्यादा ठरते. दिवसात नऊ तासांहून अधिक किंवा विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम देण्यास, तसेच तापमान ३७ अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत जुंपण्यास मनाई आहे. या मर्यादा एकूण वजनाच्या व वेळेच्या आहेत.

बैलगाडीच्या सुधारणेसाठी बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी आयुष्याचा मोठा काळ दिला. बैलगाडी ही मागासलेपणाची खूण मानून दुर्लक्षावी अशी वस्तू नाही, ती देशाच्या वाहतुकीचा भाग आहे आणि तिच्यावर अभियंत्यांनी काम केले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. २०२२ मध्ये इस्लामपूरच्या राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाचे आधारचाक बनवले. दोन बैलांच्या मध्ये, जुवाखाली बसवलेले हे फिरते चाक पुढचा भार स्वतःवर घेते. उसाच्या गाड्यांसाठी आजवर सुचलेल्या उपायांत हा सर्वांत सरळ आहे, कारण त्यात गाडी बदलावी लागत नाही. ऊसतोडणी यंत्रांचा वापर वाढत असला, तरी लहान तुकडे, ओली शेते आणि अरुंद वाटा असतील तिथे बैलगाडी इतक्यात जाणार नाही.

कारखान्याच्या काट्यावर गाडीचे एकूण वजन होते, कारण त्यावर पैसे ठरतात. जुवावरचे वजन कुठेच होत नाही. ते करणे अवघड नाही : बैल सोडून, गाडी सपाटीवर ठेवून, जुवाच्या मधोमध एक मजबूत टेकू द्यावा आणि टेकूखाली दीडशे किलोंपर्यंतचा साधा तराजू ठेवावा. प्रत्येक कारखान्याने वजनकाट्याजवळ असा एक तराजू ठेवावा, आकडा गाडीवानाला सांगावा आणि तो स्वतः गाड्या पुरवत असेल तर हंगामाआधी त्या आधारचाकासह वाटाव्यात.