शाळेच्या कारभारात खुर्ची कुणाची?

गव्हर्नर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजभवन येतं. इंग्लंडमध्ये असे गव्हर्नर सुमारे अडीच लाख आहेत आणि त्यांतल्या कुणालाही या कामाचा पगार मिळत नाही. ते शाळांचे गव्हर्नर. कुणी पालक, कुणी शिक्षक, कुणी महापालिकेने सुचवलेला माणूस, कुणी मोहल्ल्यातला दुकानदार किंवा निवृत्त कारकून. संध्याकाळी शाळेत जमतात आणि शाळा कशी चालावी ते ठरवतात.

आपल्याला जवळचं उदाहरण द्यायचं तर शाळा व्यवस्थापन समितीचं. कागदावर आपली समिती त्यांच्यापेक्षा उजवी आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी असं सांगितलं. फरक अधिकाराचा आहे. तिथले गव्हर्नर मुख्याध्यापकाची निवड करतात, शाळेचं अंदाजपत्रक मंजूर करतात, मुख्याध्यापकाने एखाद्या मुलाला शाळेतून काढलं तर तो निर्णय योग्य होता का ते तपासतात. आपल्याकडे समितीच्या सदस्याला बऱ्याचदा पोषण आहाराच्या नोंदवहीवर सही करण्यापुरतं बोलावलं जातं.

तिथल्या महापालिका अधूनमधून गव्हर्नरांचा आढावा घेतात: जबाबदारी काय, माणसं कोण, त्यांत विविधता किती. गव्हर्नरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहण्या वर्षानुवर्षं एकच चित्र दाखवतात. शंभरातले नव्वदहून अधिक गव्हर्नर गोरे, आणि चाळिशीच्या आतले फारच थोडे. शाळेत शिकणाऱ्या मुलांत मात्र एक तृतीयांशाहून अधिक मुलं वांशिक अल्पसंख्याक घरांतली. यावर नेहमीचा उपाय म्हणजे आवाहन करा, पत्रकं छापा, लोकांना पुढे बोलवा. जणू लोक कधी पुढे आलेच नव्हते. लोक आले होते. त्यांना आत कुणी घेतलं आणि आत गेल्यावर त्यांचं काय झालं, हा इतिहास दीडशे वर्षांचा आहे आणि त्याची दोन्ही टोकं बर्मिंगहॅम शहरात सापडतात.

1870 साली इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा मोठा कायदा झाला आणि गावोगावी निवडून आलेली स्कूल बोर्डं उभी राहिली. (आपल्याकडे महापालिकेच्या शिक्षण मंडळाला जुनी माणसं अजून स्कूल बोर्डच म्हणतात.) या निवडणुकीत एक मजेदार तरतूद होती. जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराला, आणि हवी तर ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा. म्हणजे शहरात तुम्ही थोडे असलात तरी एकजुटीने एक माणूस आत पाठवू शकत होता. कर भरणाऱ्या स्त्रियांना मत होतं आणि स्त्रियांना उभंही राहता येत होतं. पार्लमेंटचा मताधिकार त्यांना मिळायला अजून जवळपास अर्धं शतक होतं. लंडनमध्ये पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या.

बर्मिंगहॅमच्या बोर्डावर 15 जागा होत्या. शहरात जोर लिबरल पक्षाचा. त्यांनी पंधराच्या पंधरा उमेदवार उभे केले, त्यांची मतं पांगली आणि हाती 6 जागा आल्या. इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या बाजूला 8 मिळाल्या. उरलेल्या एका जागेवर कॅथलिक पाद्री निवडून आला. आज हे वाचून विशेष वाटणार नाही, पण त्या काळी तिथला कॅथलिक म्हणजे बहुतेक गरीब आयरिश मजूर. परका, अडाणी, पोपच्या हुकमाने चालणारा, देशाशी इमान नसलेला असे सगळे इल्जाम त्याच्यावर होते. कुणाच्या मेहरबानीने तो पाद्री आत गेला नाही. मतमोजणीच्या नियमाने गेला.

1902च्या कायद्याने स्कूल बोर्डं गेली आणि शाळा थेट कौन्सिलांकडे आल्या. कारभार सुटसुटीत झाला असं म्हणतात, झालाही असेल. पण कौन्सिलांवर निवडून येण्याचा हक्क स्त्रियांना 1907पर्यंत नव्हताच. निवडून येणाऱ्या बाया आता समितीत ‘घेतल्या’ जाऊ लागल्या. पुढे 1944च्या कायद्याने प्रत्येक शाळेला मॅनेजर किंवा गव्हर्नर असावेत असं सांगितलं, तरी कित्येक शहरांनी अनेक शाळांना मिळून एकच मंडळ नेमलं आणि त्यात सत्ताधारी पक्षाची माणसं बसवली. पालक दारातच.

पालकांना आत आणलं ते एका भांडणाने. लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या विल्यम टिंडेल शाळेत 1974 ते 76 या काळात शिक्षकांच्या मोकळ्या अध्यापनपद्धतीवरून रण माजलं. पालक मुलं काढून घेऊ लागले, मॅनेजर आणि शिक्षक आमनेसामने आले, सार्वजनिक चौकशी झाली. शाळेचं उत्तरदायित्व नक्की कुणाकडे, याचं धड उत्तर कुणालाच देता येईना. 1977 साली टॉम टेलर समितीचा अहवाल आला. टेलर हे ब्लॅकबर्न या गिरणगावच्या कौन्सिलचे नेते. महापालिका, शिक्षक, पालक आणि स्थानिक समाज, चौघांना सारखा वाटा द्या, असं समितीने सुचवलं. सरकारने ते जसंच्या तसं घेतलं नाही. 1980च्या कायद्याने निवडून आलेल्या पालकांना किमान दोन जागा दिल्या, 1986च्या कायद्याने महापालिकेचं बहुमत मोडलं आणि 1988च्या कायद्याने शाळेचा पैसाच गव्हर्नरांच्या हाती सोपवला.

तोवर ब्लॅकबर्न, ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅमच्या गिरण्या आणि ओतशाळांत मीरपूर, सिल्हेट, भरूच, सुरतची माणसं स्थिरावली होती. आपल्या कोकणातल्याही कित्येक घरांची एक फांदी तिकडेच आहे. त्यांची मुलं आता शाळेत होती. ब्रॅडफर्डमध्ये 1983 साली शाळेच्या जेवणात हलाल मांस सुरू झालं, त्यावर गदारोळ झाला. त्याच शहरातल्या ड्रमंड मिडल स्कूलचे मुख्याध्यापक रे हनीफर्ड यांनी 1984 साली एका नियतकालिकात आशियाई पालकांविषयी आणि बहुसांस्कृतिक शिक्षणाविषयी कडवट लेख लिहिला. शाळेतली नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं आशियाई. पालकांनी निदर्शनं केली, मुलांना घरी ठेवलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि 1985च्या अखेरीस हनीफर्ड मुदतीआधी निवृत्त झाले. पालकांनी यातून घेतलेला धडा साधा होता: फाटकाबाहेर घोषणा देण्यापेक्षा आत बसावं. सरकारही तेच सांगत होतं.

बर्मिंगहॅमच्या अलम रॉक भागातली पार्क व्ह्यू शाळा घ्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथे दहावीच्या तोडीच्या परीक्षेत पाच विषयांत चांगली श्रेणी मिळवणारी मुलं शंभरात जेमतेम चार होती. याच शाळेचे माजी विद्यार्थी ताहिर आलम 1997 साली गव्हर्नर झाले, पुढे अध्यक्ष झाले. 2012-13पर्यंत ते प्रमाण 75च्या घरात गेलं. सरकारी तपासणी यंत्रणा ऑफस्टेडने 2012 साली शाळेला सर्वोत्कृष्ट श्रेणी दिली. आलम यांच्याकडून महापालिका इतर गव्हर्नरांनाही प्रशिक्षण देववत होती.

मग 2013च्या अखेरीस महापालिकेच्या नेत्यांकडे एक निनावी पत्र आलं. शाळा ताब्यात घेण्याच्या कटाचा त्यात तपशील होता, नाव ‘ट्रोजन हॉर्स’. मार्च 2014मध्ये ते वर्तमानपत्रांत फुटलं. पत्र बनावट असल्याचं आज जवळपास सगळेच मानतात. पण ऑफस्टेडने 21 शाळा तपासल्या, पाच शाळा विशेष देखरेखीखाली गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी नावाजलेली पार्क व्ह्यू त्यांत होती.

महापालिकेने इयान करशॉ यांच्याकडून आणि केंद्र सरकारने दहशतवादविरोधी पथकाचे माजी प्रमुख पीटर क्लार्क यांच्याकडून चौकशी करवली. शाळेच्या कारभाराच्या चौकशीला दहशतवादविरोधी पथकाचा माणूस! दोन्ही अहवाल जुलै 2014मध्ये आले. हिंसक अतिरेक किंवा देशविरोधी कट याचा पुरावा नाही, असं करशॉंनी लिहिलं. क्लार्क यांनी असहिष्णु इस्लामी वळण लावण्याचा सुसूत्र प्रयत्न झाल्याचं म्हटलं. 2015 साली पार्लमेंटच्या शिक्षण समितीने एका सुट्या घटनेखेरीज अतिरेकाचा पुरावा मिळाला नाही असं नोंदवलं आणि एकावर एक लादलेल्या चौकश्यांवर टीका केली.

हे सांगून आपण थांबतो आणि टाळ्या घेतो. करशॉंचा उरलेला अर्धा अहवालही वाचला पाहिजे. काही गव्हर्नरांनी मुख्याध्यापकांना जेरीस आणलं, रोजच्या कारभारात हात घातला, काहींना शाळा सोडावी लागली. नेमणुकांत ओळखीपाळखी चालल्याच्या तक्रारी होत्या. वंशवादाचा आरोप येईल या भीतीने महापालिकेने या तक्रारींकडे काणाडोळा केला, असा करशॉंचा ठपका होता, आणि महापालिकेच्या नेत्यांनी त्याबद्दल माफी मागितली. मला हा भाग फार ओळखीचा वाटतो. मुख्याध्यापकाला घरी बोलावून घेणारा संस्थाचालक पाहायला आपल्याला विलायतेला जावं लागत नाही. आपल्या किती उर्दू शाळांच्या कार्यकारिणीवर विद्यार्थ्याची आई आहे? 2012च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांतली पालकांची समिती फक्त सल्ल्यापुरती ठेवली आणि 2014च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने हा कायदाच आपल्या शाळांना लागू नाही असं ठरवलं. हक्क मिळाला तो संस्थेला. पालक इथेही दारातच.

पण मनमानी कारभार हा एक गुन्हा आणि देशद्रोह हा दुसरा. बर्मिंगहॅममध्ये पहिल्याची शिक्षा दुसऱ्याच्या नावाने झाली. पार्क व्ह्यूमध्ये इस्लामी प्रार्थना होते, ही तेव्हाची मोठी बातमी होती. इंग्लंडमध्ये प्रत्येक सरकारी शाळेने रोज सामूहिक प्रार्थना घ्यावी असा कायदाच आहे, तिचं वळण मुख्यतः ख्रिस्ती असावं असंही तो सांगतो, आणि त्यातून सवलत घेण्याची कायदेशीर वाट आहे. त्या वाटेने पार्क व्ह्यूने 1996 सालीच परवानगी घेतली होती. हे फार थोड्या वर्तमानपत्रांनी छापलं. आलम यांच्यावर 2015 साली शाळांच्या व्यवस्थापनात भाग घेण्याची बंदी आली. दोन शिक्षकांवरची कारवाई हायकोर्टाने 2016मध्ये रद्द केली. मे 2017मध्ये वरिष्ठ शिक्षकांवरचा खटलाही कोसळला, कारण साक्षीदारांचे जबाब सरकारी बाजूने बचावपक्षाला दिलेच नव्हते. तोवर त्यांची तीन वर्षं गेली होती.

त्यानंतर नियमांची भाषा बदलत गेली. प्रतिनिधी हा शब्द मागे पडला आणि कौशल्य हा शब्द पुढे आला. हिशेब येतो का, कायदा कळतो का? मार्च 2016च्या श्वेतपत्रिकेत तर पालकांच्या राखीव जागाच काढून टाकायचा प्रस्ताव होता. ओरड झाली तेव्हा सरकार मागे हटलं. आणि शाळा ज्या मोठ्या ट्रस्टांखाली जात आहेत, तिथे स्थानिक गव्हर्नरांकडे ट्रस्टने जेवढे दिले तेवढेच अधिकार. मुख्याध्यापक कोण, पैसा कुठे, हे वरच्या मंडळावर ठरू शकतं.

म्हणून आढाव्याचे तक्ते पाहताना मी एक रकाना शोधतो. स्त्रिया किती, आशियाई किती, वय किती, हे असतं. अध्यक्षपदी कोण आणि मुख्याध्यापकाच्या मुलाखतीला टेबलाच्या या बाजूला कोण बसलं होतं, तो रकाना मला क्वचितच दिसतो.