बी.कॉम.ला नाटक घेतलं तर? कॉलेजातल्या रंगभूमीच्या ऐच्छिक विषयाची माहिती

पदवीच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरताना मेजर, मायनर वगैरे निवडून झालं की शेवटी ऐच्छिक विषयांची एक यादी उघडते. गुंतवणुकीची ओळख, पर्यावरण, योग, छायाचित्रण आणि त्यांच्यामध्येच कुठेतरी ‘रंगभूमीची ओळख’, ‘नाट्यकला परिचय’ किंवा ‘इंट्रोडक्शन टू थिएटर’. मुलगा किंवा मुलगी त्यावर क्लिक करते आणि घरात प्रश्न येतो, “नाटक घेऊन काय करणार?” सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक शेपूट असतं. तो विषय कुठल्या भाषेत शिकवणार?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. हा विषय काही जण गुण सहज मिळतात म्हणून घेतात आणि पहिल्याच महिन्यात वैतागतात. काही जण भीतीपोटी टाळतात आणि पुढे हळहळतात. या कोर्समध्ये नेमकं काय होतं याची माहिती फारशी कुणी आधी देत नाही, हे दोन्हीचं कारण.

हा विषय यादीत आला कुठून?

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झालं. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी क्रेडिटचा आराखडा दिला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या पदवीला १६०. यातले काही क्रेडिट आपल्या मुख्य शाखेबाहेरच्या विषयांतून मिळवायचे असतात. आयोगाच्या आराखड्यात बहुविद्याशाखीय विषयांसाठी ९ क्रेडिट ठेवले आहेत, म्हणजे तीन क्रेडिटचे तीन कोर्स. महाराष्ट्राने याला ‘ओपन इलेक्टिव्ह’ असं नाव दिलं आणि तो विषय दुसऱ्या विद्याशाखेतलाच असावा अशी अट घातली. वाणिज्य, विज्ञानाच्या मुलांसमोर नाटक आलं ते या दारातून.

राज्याराज्यांत मात्र सारखेपणा नाही. कर्नाटकाने २०२१-२२ पासूनच नवीन धोरण लागू केलं आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीची रचना आणली. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरात थोरल्या बहिणीने दिलेला सल्ला धाकट्याला लागू पडेलच असं नाही; दोघांचा अभ्यासक्रम वेगळ्या साच्यातला असू शकतो. मध्य प्रदेशातही २०२१-२२ पासून बदल झाला. गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत तो २०२३-२४ ला आला, महाराष्ट्रातल्या सगळ्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला. आपल्या वर्षाच्या तुकडीचं माहितीपत्रक हाच खरा आधार.

क्रेडिटचा हिशेब

तासांचा हिशेब आधी कळला तर पुढचा बराच त्रास वाचतो. व्याख्यानाचा एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास. प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. रंगभूमीच्या चार क्रेडिटच्या कोर्समध्ये दोन क्रेडिट प्रात्यक्षिकाचे असतील, तर एकूण तास होतात ९०. शेजारच्या बाकावरचा मुलगा चार क्रेडिटचा निव्वळ थिअरीचा विषय ६० तासांत संपवतो. क्रेडिट तेवढेच, तास दीडपट. ‘सोपा विषय’ म्हणून घेणाऱ्यांची पहिली ठेच इथेच लागते.

गुणांचं गणितही बघून ठेवावं. समजा सत्र २० क्रेडिटचं आहे आणि बाकीच्या १६ क्रेडिटमध्ये सरासरी ७ ग्रेड पॉइंट मिळाले. नाटकाच्या ४ क्रेडिटमध्ये ९ मिळाले, तर सत्राची सरासरी ७.४ होते. तिथे ५ मिळाले तर ती ६.६ वर येते. एका ऐच्छिक विषयाने इतका फरक पडतो. सी.ए.च्या नादात असलेल्या मुलाने नाटक घ्यावं की नाही याचं उत्तर नाटकाच्या आवडीइतकंच या आकड्यांत आणि त्या सत्रात बाहेरची परीक्षा आहे का यातही आहे.

वर्गात होतं काय?

पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक ठिकाणी कुणी संवाद पाठ करायला सांगत नाही. बाकं बाजूला सरकवतात, चपला दाराशी निघतात आणि सगळे गोल उभे राहतात. नावं लक्षात ठेवायचा खेळ, खोलीभर वेगवेगळ्या गतीने चालणं, डोळे मिटून दुसऱ्याच्या हाताच्या आधाराने फिरणं. आरशाचा खेळ तर जगभर खेळला जातो: दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हळू हालचाल करायची, दुसऱ्याने आरशातल्या प्रतिबिंबासारखी ती तशीच करायची. थोड्या वेळाने कोण कुणाची नक्कल करतोय हेच कळेनासं होतं. अमेरिकेतल्या व्हायोला स्पोलिन यांनी असे खेळ पद्धतशीर गोळा करून १९६३ साली पुस्तकरूपाने मांडले आणि तिथून ते नाट्यशिक्षणात पसरले. बाहेरून बघणाऱ्याला हा बालवाडीचा वर्ग वाटतो. उद्देश मात्र साधा असतो: समोरच्याकडे नीट बघायला आणि त्याचं ऐकायला शिकणं. रंगमंचावर नवखा माणूस पडतो तो बहुतेक वेळा स्वतःचं पुढचं वाक्य आठवत बसल्यामुळे.

मग येते थिअरी. आपल्याकडे सुरुवात भरताच्या नाट्यशास्त्रापासून होते. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार. आठ रस (नववा शांतरस नंतर जोडला गेला). नाट्यगृहाचे विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र हे तीन आकार. परीक्षेत यावर प्रश्न हमखास येतो. पाश्चात्त्य बाजूला ग्रीक शोकांतिका, ॲरिस्टॉटल आणि मग रशियाचे स्तानिस्लाव्हस्की (१८६३ ते १९३८). ‘मी या माणसाच्या जागी असतो तर?’ हा त्यांचा प्रश्न मुलांना पटकन कळतो. एखाद्या वठलेल्या भूमिकेबद्दल ‘अगदी आत शिरलाय’ असं आपण म्हणतो, त्यामागची पद्धत इथे पहिल्यांदा समजते.

रंगमंचाची भाषाही शिकावी लागते. डावं-उजवं हे नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. प्रेक्षकांजवळचा भाग ‘डाउन’ आणि मागचा ‘अप’, कारण युरोपातले जुने रंगमंच मागे उंच आणि पुढे उतरते बांधलेले असत. विंग, झालर, नेपथ्य, रंगीत तालीम हे शब्द घरात नाटकाचं वारं असलेल्यांना ठाऊक असतात. बाकीच्यांना ते आठवड्याभरात येतात.

वाचायला दोन-तीन नाटकं असतात. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, कार्नाडांचं ‘तुघलक’ किंवा ‘हयवदन’, मोहन राकेश यांचं ‘आषाढ का एक दिन’ अशी नावं अभ्यासक्रमांत वारंवार दिसतात. कार्नाड इथे मुद्दाम आठवावेत. जन्म माथेरानचा, घरची भाषा कोंकणी, वाढले सिरसी-धारवाडला, लिहिलं कन्नडमध्ये आणि मराठी रंगभूमीने त्यांना आपलंच मानलं. सीमेवरच्या विद्यार्थ्याला यापेक्षा जवळचा नाटककार शोधून सापडणार नाही.

शेवटचा महिना सादरीकरणाचा. एखादी एकांकिका किंवा पूर्ण नाटकातले प्रवेश. इथे वेळापत्रक कोलमडतं. तासिका चारला संपते, तालीम सातपर्यंत चालते. गावाकडे जाणारी शेवटची बस, वसतिगृहाच्या गेटची वेळ, घरच्यांचे फोन. मुलींची नावं ऐनवेळी गळतात ती याच आठवड्यांत, आणि त्यात बऱ्याचदा दोष मुलीचा किंवा पालकांचाही नसतो. तालमीचं वेळापत्रक आधी कुणी कागदावर दिलेलंच नसतं. प्रवेश घेताना हा कागद मागायला काहीच हरकत नाही.

लाजाळू मुलांनी काय करायचं?

या विषयाला बसायला अभिनय यावा लागत नाही. ‘ओळख’ या शब्दाचा अर्थच तो. गुण साधारणपणे हजेरी, वर्गातला सहभाग, लेखी परीक्षा, पाहिलेल्या नाटकाचं टिपण, प्रयोगवही आणि अंतिम सादरीकरण यांत विभागलेले असतात. अनेक ठिकाणी सादरीकरणात पडद्यामागचं काम धरलं जातं: प्रकाशयोजना, वेशभूषा, संगीत, रंगमंच व्यवस्था. वाणिज्यच्या मुलांनी निर्मिती व्यवस्थापन मागून घ्यावं. अंदाजपत्रक, भाड्याचे दिवे, कपड्यांची उसनवारी, टेम्पोचे पैसे, पावत्या. पुस्तकातला ‘खर्च नियंत्रण’ नावाचा धडा इथे अंगावर येतो. मात्र पडद्यामागच्या कामाला किती गुण, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारावं. काही कॉलेजांत प्रत्येकाने किमान एकदा रंगमंचावर यावंच लागतं.

एक गोष्ट मात्र सुटत नाही, ती म्हणजे हजेरी. अर्थशास्त्राचा तास बुडवला तर नोट्सवर भागतं. चार जणांच्या प्रवेशातला एक जण आला नाही की बाकी तिघांची संध्याकाळ फुकट जाते आणि हे तिघे ते विसरत नाहीत.

भाषेचा प्रश्न

बेळगाव परिसरात मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा कॉलेजात इंग्रजी किंवा कन्नड वर्गात बसतो. हैदराबाद, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी घरांत थोड्याफार फरकाने हीच गत. बाकीचे विषय पाठ करून निभावतात. नाटकाचं तसं नाही. तिथे तोंड उघडावं लागतं. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. वर्ग कुठल्या भाषेत, लेखी उत्तरं कुठल्या भाषेत चालतात आणि सादरीकरण कुठल्या भाषेत करता येतं. या तिन्हींची उत्तरं एकच असतील असं समजू नये. लेखी परीक्षेचं माध्यम विद्यापीठाच्या नियमाने ठरतं, पण सादरीकरणाची भाषा बऱ्याचदा शिक्षकांच्या हातात असते आणि मिश्र गटाने दोन-तीन भाषांत बसवलेला प्रवेश ही आपल्या भागात अगदी नैसर्गिक गोष्ट आहे.

कन्नड किंवा हिंदीत भूमिका वाट्याला आली म्हणून नाराज व्हायचंही कारण नाही. मराठी रंगभूमीची पहिली पावलंच या देवाणघेवाणीतून पडली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

उच्चारांवरून हसणारे भेटतात. ‘तुझं मराठी कानडी वळणाचं’ हा शेरा पुण्या-मुंबईच्या स्पर्धेत बेळगावच्या मुलांना नवा नाही. वाचिक अभिनयाच्या तासाला प्रमाण उच्चार शिकावेत, ते उपयोगी पडतात. पण बोली पुसून टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नये. पु. ल. देशपांडे यांचे ‘रावसाहेब’ आजही लोक ऐकतात ते त्यातल्या बेळगावी बोलीसकट.

प्रयोग, परवानगी आणि पुढचं

वर्गातला प्रयोग चांगला झाला की लगेच ‘हॉल घेऊन तिकीट लावू या’ अशी टूम निघते. इथे थांबावं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या प्रयोगाला सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं इतकेच असतील तेव्हा. गावाला बोलावून जाहीर प्रयोग करायचा तर लेखकाची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी आणि मानधन हवं. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं.

राज्य बदलून शिकायला जाणाऱ्यांनी क्रेडिट जमा झालेत का ते बघावं. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे; तिथे जमा झालेले क्रेडिट कमाल सात वर्षं टिकतात. मात्र ते आपल्या पदवीत धरायचे की नाही हे नवीन विद्यापीठ ठरवतं. गोव्यातून कोल्हापूरला किंवा बेळगावहून पुण्याला जाणाऱ्याने अभ्यासक्रमाची प्रत शिक्का मारून जवळ ठेवावी. नुसत्या गुणपत्रिकेवरून पलीकडच्या कारकुनाला काही कळत नाही.

एका सत्राच्या कोर्सने कुणी नट होत नाही. ज्याला पुढे जायचंय त्याला वाटा आहेत: दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला नाट्यविभाग, हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाचा रंगमंच विभाग, ग्वाल्हेरचं राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ, पणजीत कला अकादमीचं नाट्य महाविद्यालय आणि कर्नाटकात हेग्गोडूचं नीनासम. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी कुठल्याही शाखेची चालते, सोबत नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो. कॉलेजातल्या प्रयोगाचं पत्रक, त्यावर छापलेलं नाव आणि विभागप्रमुखांचं पत्र सांभाळून ठेवलं तर अशा वेळी कामी येतं. व्हॉट्सॲपवरचा फोटो पुरावा म्हणून दाखवायची वेळ येऊ नये.

ऐच्छिक विषय बदलायची मुदत बहुतेक कॉलेजांत सत्र सुरू झाल्यावर थोडेच दिवस असते. त्या दिवसांत पहिले दोन-तीन तास बसून बघावेत, शिक्षक पूर्णवेळ आहेत की बाहेरून येणारे, सराव कुठल्या खोलीत होतो, विषयाला किमान किती मुलं लागतात हे विचारून घ्यावं. संख्या भरली नाही तर विषय रद्द होतो आणि मुलांना उरलेल्या विषयात ढकललं जातं. तेव्हा फॉर्ममध्ये दुसरी पसंती रिकामी ठेवू नये.